पुस्तक मिटलंस तिथूनच लिहायला घे

पत्र
बाईंना सप्रेम नमस्कार. मी इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करते आहे, दुसरं वर्ष. लग्न झालंय, पावणेदोन वर्षांची मुलगी आहे. लघुप्रबंधासाठी मी टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी घेतली. गुलामगिरी आणि मृत्यू या संदर्भात तिच्यातल्या व्यक्तिरेखांचा अभ्यास, असा विषय आहे. पहिलं प्रकरण सरांनी परत दिलं. समासात लिहिलंय, ‘भावनिक झाले आहे. अलिप्तपणे विश्लेषण करा.’ सेथ ही धाडसी, प्रेमळ, स्वाभिमानी पण अविचारी आहे, असं मी लिहिलं होतं. खरं सांगते बाई, सरपणाच्या खोपटातला तो प्रसंग मी अजून पूर्ण वाचलेलाच नाही. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पुस्तक मिटलं. मुलगी शेजारी झोपलेली असते. सेथने केलं ते बरोबर की चूक हेच माझं ठरत नाही, मग विश्लेषण कुठून करू? विषय बदलायला अजून आठ दिवसांची मुदत आहे. बदलू का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर
तुला अनेक आशीर्वाद.

विषय बदलू नकोस. मुदत आहे तर असू दे, ते आठ दिवस वाचायला वापर. तू जे तीनदा पुस्तक मिटलंस ना, तेच तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहे. का ते सांगते.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात कथा. १९८७ साली आलेली ही कादंबरी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या कडेला घडते. साल १८७३, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षं झाली आहेत. १२४ नंबरच्या घरात सेथ आणि तिची मुलगी डेन्व्हर राहतात, आणि त्या घरात एका तान्ह्या मुलीचं भूतही राहतं. अठरा वर्षांपूर्वी सेथ केंटकीतल्या ‘स्वीट होम’ नावाच्या मळ्यावरून पळाली. तीन मुलं तिने आधीच पुढे पाठवली होती, चौथी वाटेत नदीकाठी जन्मली. सासूच्या घरी तिला स्वातंत्र्याचे अठ्ठावीस दिवस मिळाले. मग मालक तिला आणि मुलांना परत न्यायला आला. त्याला सगळे ‘स्कूलटीचर’ म्हणतात. तो दिसताच सेथ मुलांना घेऊन मागच्या सरपणाच्या खोपटात शिरली आणि दोन वर्षांचीही न झालेली मुलगी तिने करवतीने मारली. बाकीची मुलंही ती मारणार होती, पण तोवर तिला अडवलं गेलं. त्या मुलीच्या थडग्यावर ‘बिलव्हेड’ एवढाच शब्द कोरला आहे. पुढे एके दिवशी त्याच नावाची एक तरुणी त्या घराच्या दारात येऊन बसते.

आता तुझ्याबद्दल. तो प्रसंग तुला वाचवला नाही, याला तू स्वतःचा कमकुवतपणा समजतेस. पण लेखिकेने ते पान रचलंय कसं ते बघ. घोड्यावरून चौघं येतात: स्कूलटीचर, त्याचा एक पुतण्या, पळालेल्यांना पकडून आणणारा एक माणूस, आणि शेरीफ. त्या पानावर आपल्याला सेथच्या मनात जाता येत नाही, आपल्याला त्या घोड्यांवर बसवलं जातं. तिथली भाषा शिकारीची आहे. जनावर जिवंत हाती लागलं तर किती, मेलं तर काय, असा तो हिशेब. सेथला त्या प्रसंगात नावही नाही. शेरीफ आणि स्कूलटीचर यांच्या नजरेला खोपटात एक बाई दिसते, बस. स्कूलटीचरला काय वाटतं? हळहळ वाटते. फार मारझोड केली की चांगला घोडा किंवा शिकारी कुत्रा जसा बिघडतो, तशी ही बाई बिघडली, पुतण्याने तिला नको इतकं मारलं, आता इथून न्यावं असं काहीच उरलं नाही.

आईच्या हातून मूल जातंय आणि वाचकाला ते मालकाच्या डोळ्यांनी बघायला लावलंय. पुस्तक मिटावंसं वाटलं नाही तरच मला काळजी वाटली असती.

पुढे हाच प्रसंग पुन्हा येतो. पॉल डी हा सेथचा ‘स्वीट होम’वरचा जुना सोबती, तो आता तिच्या घरी राहायला आलेला आहे. स्टँप पेड नावाचा म्हातारा त्याला वर्तमानपत्रातलं एक कात्रण दाखवतो. पॉल डीला वाचता येत नाही. तो नुसतं चित्र बघतो आणि म्हणत राहतो की हे तोंड तिचं नाही. मग तिसऱ्यांदा सेथ स्वतः सांगायला लागते, आणि सांगता सांगता ती स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहते. मूळ गोष्टीजवळ येते, वळते, पुन्हा फेरी. ती गोष्ट सरळ रेषेत सांगता येणार नाही हे तिला ठाऊक आहे.

म्हणजे मालकाची नजर, वर्तमानपत्राची छापील नजर आणि आईच्या फेऱ्या अशा तीन वाटांनी कादंबरी त्या खोपटाच्या दारापर्यंत जाते. आत सरळ कुणीच जात नाही. तू तीनदा मागे फिरलीस, कादंबरीही फिरते. तुझ्या सरांना ‘अलिप्त’ म्हणताना बहुधा हेच हवं असणार: तुला वाईट वाटलं हे लिहू नकोस, कोणत्या वाक्याने, कुणाच्या नजरेने, कोणत्या क्रियापदाने वाईट वाटायला लावलं ते दाखव. सरांवर रागावू नकोस. त्यांची सूचना तोकडी आहे, चुकीची नाही. फक्त एक सांगते, अलिप्त होण्याच्या नादात स्कूलटीचर होऊ नकोस. कादंबरीतला सगळ्यांत अलिप्त माणूस तोच आहे. तो माणसांच्या अंगाची मोजमापं घेतो, वहीत टिपणं करतो, शिष्यांना शिकवतो की पानाच्या एका बाजूला हिचे मनुष्याचे गुण लिहा आणि दुसऱ्या बाजूला जनावराचे. सेथ हे कानांनी ऐकते. आणि ती टिपणं ज्या शाईने लिहिली जातात, ती शाई करून द्यायचं काम सेथचंच.

म्हणून तुझं ‘धाडसी, प्रेमळ, स्वाभिमानी पण अविचारी’ हे वाक्य मला खटकलं. गुण एका बाजूला, दोष दुसऱ्या बाजूला. शाळेपासून आपल्याला स्वभावचित्रण असंच शिकवलंय, तुझा दोष नाही. पण या कादंबरीपुरती ती पद्धत बाजूला ठेव. स्वभावविशेष लिहिताना आपण गृहीत धरतो की माणूस स्वतःचा असतो, त्याचा स्वभाव त्याच्या मालकीचा असतो. इथे तेच तर हिरावलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक पात्राला वेगळा प्रश्न विचार: हिचं काय काय दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि त्या वहीत न मावलेलं असं हिच्याजवळ काय आहे?

पॉल डीला विचारून बघ. मळ्यावर तिघे भाऊ, पॉल ए, पॉल डी, पॉल एफ, जणू हजेरीपटावरची अक्षरं. आडनाव गार्नर, ते मालकाचं. पकडला गेल्यावर त्याला स्वतःची किंमत ऐकायला मिळते: ९०० डॉलर. तो बरीच वर्षं तो आकडा मनात घेऊन हिंडतो. मळ्यावरचा एक कोंबडा होता, त्याचं नाव ‘मिस्टर’. तोंडात लोखंडाची लगाम घालून बसवलेल्या पॉल डीला तो कोंबडा आपल्यापेक्षा स्वतंत्र वाटला. कापून शिजवला तरी तो मिस्टरच राहील, आपण मात्र पुन्हा पॉल डी होणार नाही. आणि वहीत न मावलेलं? छातीत हृदयाच्या जागी तंबाखूचा गंजलेला डबा आहे असं तो मानतो. आठवणी त्यात कोंबून झाकण घट्ट लावलेलं. ‘पॉल डी हळवा आणि कष्टाळू आहे’ या वाक्यात यातलं काय येतं, तूच सांग.

सेथच्या बाबतीत दूध बघ. पळण्याआधी स्कूलटीचरच्या पुतण्यांनी तिला धरून तिच्या अंगावरचं दूध काढलं. तिने मालकिणीकडे तक्रार केली म्हणून नंतर चाबकाने पाठ फोडली. पॉल डी जेव्हा हे ऐकतो तेव्हा तो चाबकाबद्दल विचारतो. ती म्हणते, त्यांनी माझं दूध घेतलं. तो म्हणतो, पोटुशी असताना मारलं? ती पुन्हा म्हणते, त्यांनी माझं दूध घेतलं. तो जखमेचं विचारतोय, ती चोरीचं सांगतेय. त्या चार-सहा ओळींवर तुला पाच पानं लिहिता येतील, आणि तू अंगावर पाजणारी आई आहेस म्हणून ती पानं दुसऱ्या कुणापेक्षा नेमकी येतील. याला भावनिक होणं म्हणत नाहीत. दूध हे तिच्याजवळचं असं एकच होतं जे तिच्या मुलीसाठी राखलेलं होतं.

आता बरोबर की चूक. हे ठरत नाही म्हणून अडलेय, असं तू लिहिलंस. एक जुनी गोष्ट सांगते. शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी मी वर्गाचे दोन भाग केले आणि वाद लावला, सेथ दोषी की निर्दोष. तास रंगला, मुलं खूश, मीही खूश. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘बाई, पण तिच्यावर खुनाचा खटला चालला असता तर ती माणूस ठरली असती ना?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन इतिहास वाचायला घेतला, तो खरं तर आधी वाचायला हवा होता. तो वाद मी पुन्हा कधी वर्गात लावला नाही.

त्या मुलीने जे विचारलं ते शब्दशः घडलेलं आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची स्त्री नवरा, चार मुलं आणि सासू-सासऱ्यांसह केंटकीतून निघाली आणि गोठलेली ओहायो नदी पायी ओलांडून सिनसिनाटीत पोहोचली. नदीच्या अलीकडे गुलामगिरी कायदेशीर, पलीकडे बेकायदेशीर. पण १८५० च्या कायद्याने पळालेल्याला स्वतंत्र राज्यातूनही पकडून परत न्यायची मुभा मालकाला होती. त्या कायद्यात निवाडा करणाऱ्या आयुक्ताची फीसुद्धा ठरलेली होती: माणूस मालकाला परत दिला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. लपलेल्या घराला वेढा पडला तेव्हा मार्गारेटने आपली लहानगी मुलगी मेरी हिला मारलं.

मग न्यायालयात जे झालं ते नीट समजून घे, तुझ्या प्रबंधाची चावी तिथे आहे. मार्गारेटच्या बाजूचा वकील म्हणत होता की तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालवा. मालकाची बाजू म्हणत होती, नको, ती आमची मालमत्ता आहे, परत द्या. म्हणजे तिच्या मित्रांना तिला खुनी ठरवायचं होतं, कारण खून माणूसच करू शकतो आणि माणसाचाच होऊ शकतो. खटला उभा राहिला असता तर आई माणूस ठरली असती आणि मेलेली मुलगीही. तिला परत देण्यात आलं. दक्षिणेकडे नेताना बोटीला अपघात झाला आणि तिची तान्ही मुलगी बुडाली. १८५८ मध्ये मार्गारेट टायफॉइडने गेली. त्या घटनेनंतर सुमारे एकशेपंधरा वर्षांनी, प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून काम करताना मॉरिसन यांना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या एका संग्रहासाठी जमवलेल्या कागदांत या घटनेची बातमी सापडली.

आता कादंबरी आणि इतिहास शेजारी ठेव. एक मोठा फरक दिसेल. मॉरिसन यांनी तो न्यायालयाचा भाग जवळजवळ काढून टाकला आहे. सेथ तुरुंगात जाते, सुटते, एवढंच. वकिलांची भाषणं नाहीत, आयुक्त नाही. का काढला असेल? मला वाटतं, त्या न्यायालयाला माल आणि मालक एवढीच भाषा येत होती, आणि लेखिकेला तिथे आपली पात्रं उभी करायची नव्हती. तिने खटला स्वयंपाकघरात आणला. फिर्यादी मेलेली मुलगी, आरोपी आई. बिलव्हेड घरात येते, गोड खायला मागते, गोष्टी मागते, आईची भाकरी, आईचे कपडे, आईचा सगळा वेळ मागते, आणि आई देत जाते, सुकत जाते. हा निवाडा करायचा हक्क वाचकाला दिलेलाच नाही. सासू बेबी सग्ज ही देवभक्त बाई, जंगलातल्या मोकळ्या जागेत लोकांना जमवून स्वतःच्या हातापायांवर, कातडीवर प्रेम करायला सांगणारी. तिलाही सेथच्या कृत्याला होकार देता येत नाही आणि धिक्कारही करता येत नाही. ती अंथरूण धरते आणि मरेपर्यंत फक्त रंग बघत राहते, निळा, पिवळा. जिच्या घरात हे घडलं तिचं ठरलं नाही, मग तुझं ठरलं नाही यात काय बिघडलं? पॉल डी मात्र ठरवतो. तो सेथला म्हणतो की तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. म्हणजे ज्या वहीत एका बाजूला जनावराचे गुण लिहिलेले होते, त्याच वहीची भाषा तो नकळत बोलून जातो. त्या वाक्याने दोघांमध्ये जंगल उगवतं. हे दाखव. निवाडा करणारा कोणत्या भाषेत निवाडा करतो, हे दाखवलंस की बरोबर-चूकचा प्रश्न आपोआप जागेवर बसतो.

सेथला एकटी उचलूनही तिचा अभ्यास होणार नाही. या कादंबरीत मूल गमावणाऱ्या आया पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्याशिवाय सेथ कळत नाही. तिची स्वतःची आई घे. जहाजावर आणि नंतर गोऱ्यांनी जबरदस्तीने लादलेली मुलं तिने नाव न देता टाकून दिली, एकट्या सेथला ठेवलं, कारण तिचा बाप तिने स्वतः हातांनी कवटाळलेला माणूस होता. हे सेथला नॅन नावाच्या बाईने सांगितलं, ज्या भाषेत सांगितलं ती भाषा सेथ आता विसरली आहे. त्याच आईने एकदा छातीखालचा डागलेला शिक्का, वर्तुळ आणि त्यात फुली, मुलीला दाखवला. मी मेले आणि चेहरा ओळखू आला नाही तर या खुणेवरून ओळख. पोर म्हणाली, मलाही अशी खूण कर. आईने थोबाडीत मारली. पुढे आईला फाशी दिलं तेव्हा प्रेतावर ती खूण आहे का ते कळण्याच्या पलीकडे गेलं होतं.

मग एला. दोन गोऱ्यांनी कोंडून ठेवलेली बाई. त्यांच्यापासून झालेल्या मुलाला तिने पाजलं नाही. ते पाच दिवस जगलं. हीच एला सुरुवातीला सेथला तोडते, आणि शेवटी हीच तीस बायका जमवून १२४ नंबरच्या दारात उभी राहते, कारण मेलेलं परत येऊन जिवंताला चाबूक मारणार हे तिला सहन होत नाही. ती सेथला माफ करते असं लिहू नकोस, तसं कुठे म्हटलेलं नाही. तिला स्वतःचं ते पाच दिवसांचं मूल आठवतं. एकीने टाकलं, एकीने पाजलं नाही, एकीने मारलं. पहिल्या दोघींनी नाकारलेल्याचं मूल म्हणून केलं आणि सेथने आपलं सर्वांत चांगलं म्हणून केलं. हा फरक तुझ्या प्रबंधात आला नाही तर सगळ्या आया एकाच ‘वात्सल्य’ या शब्दाखाली दडपल्या जातील.

मृत्यूबद्दल. तू ‘गुलामगिरी आणि मृत्यू’ असे दोन विषय समजून दोन प्रकरणं करणार असशील तर थांब. ते वेगळे काढता येत नाहीत. ऑर्लँडो पॅटरसन या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात गुलामगिरीला ‘सामाजिक मृत्यू’ म्हटलं. नातं, वंश, वारसा यातलं काही कायद्याने ज्याचं नाही, तो जिवंत असून समाजाच्या हिशेबी मेलेला. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ सालचं आत्मकथन उघड. सुरुवातीलाच ते सांगतात की मला माझं नेमकं वय माहीत नाही. आई दुसऱ्या मळ्यावर, दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत मुलाला बघायला यायची, उजाडायच्या आत परत. आयुष्यात चार-पाच वेळाच दिसली. ती गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते, आणि ती बातमी आपल्याला परक्या माणसाच्या मरणासारखी वाटली असं ते लिहितात. मरण आलं आणि शोकही करता आला नाही, कारण नातं लागूच दिलेलं नव्हतं. माझ्या मते मृत्यूबद्दल गुलामगिरीच्या साहित्यात लिहिलेली ही सर्वांत जड ओळ आहे, आणि तिच्यात एकही अश्रू नाही.

पण पॅटरसन यांची संज्ञा शिक्क्यासारखी सगळीकडे मारू नकोस. कादंबरी त्या संज्ञेशी भांडते. ‘स्वीट होम’वरचा, जाळून मारला जाणारा सिक्सो हसत मरतो, ओरडून सांगतो ‘सेव्हन-ओ’, म्हणजे सिक्स-ओनंतरचा पुढचा, कारण त्याची बाई त्याचं मूल पोटात घेऊन निसटली आहे. सामाजिकदृष्ट्या मेलेला माणूस पुढच्या पिढीचं नाव ठेवून जात नाही.

बिलव्हेड कोण, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मेलेली मुलगी परत आली, हे एक उत्तर. कुणा गोऱ्याने वर्षानुवर्षं कोंडलेली आणि तो मेल्यावर सुटलेली मुलगी, ही शक्यता स्टँप पेडच्या तोंडी येते. आणि तिच्या स्वतःच्या तुटक बोलण्यात अंधार आहे, गर्दी आहे, अंगावर पडलेली प्रेतं आहेत, पाणी आहे. ते आफ्रिकेतून आणणाऱ्या जहाजाचं पोट आहे. तिन्ही खरी ठेव. एक निवडलंस की बाकीची दोन मरतात. अर्पणपत्रिकेत मॉरिसन यांनी ‘सहा कोटी आणि अधिक’ एवढंच लिहिलंय. ती अर्पणपत्रिका आहे, आकडेवारी म्हणून उद्धृत करू नकोस. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि त्यातली सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. मधली अठरा लाख समुद्रात. त्यांची थडगी नाहीत.

इथे तुला एक आतली जाण आहे, ती वापर. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की घरातली माणसं हात जोडून मेलेल्याला वचन देत बसतात, तुझ्या मुलांचं बघू, तुझं राहिलेलं करू. मेलेल्याचं काही अडकून राहतं आणि ते जिवंतांनी ऐकायचं असतं, हे तुला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे ‘हे जादुई आहे, अद्भुत आहे’ असं म्हणून तू तो भाग ओलांडणार नाहीस. मात्र तिथेच थांब. तिकडच्या भुताला इकडचे विधी चिकटवू नकोस.

हीच काळजी जातीबद्दल. कादंबरीचं साल १८७३, आणि त्याच साली जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे सेथ स्वयंपाकघरात फेऱ्या मारते त्याच वर्षी पुण्यातला एक माणूस त्या देशाकडे बघत होता. हा धागा खरा आहे, प्रस्तावनेत अर्ध्या पानात जरूर घे. पण अस्पृश्यता आणि तिकडची गुलामगिरी एकच, असं समीकरण मांडू नकोस. दोन्ही अन्याय एवढे मोठे आहेत की प्रत्येकाचा स्वतंत्र तपशील दिला नाही तर दोन्हींचा अपमान होतो.

एक मराठीतली गोष्ट. तू कच्चा मसुदा मराठीत करतेस हे तुझ्या पत्रातल्या भाषेवरून दिसतं. ‘सेथ ही गुलाम होती’ असं लिहिण्याआधी थांब आणि ‘सेथला गुलाम केलेलं होतं’ असं लिहून बघ. पहिल्या वाक्यात तो तिचा गुणधर्म वाटतो. दुसऱ्यात करणारा कुणीतरी आहे हे क्रियापदच सांगतं. सगळीकडे असं लिहिता येणार नाही, वाक्य जड होईल, पण जिथे महत्त्वाचं असेल तिथे लिही.

वाचायचं कसं? रात्री मुलीशेजारी नाही. सकाळी घरातलं कुणी तिला घेऊन जरा बाहेर जाईल तेव्हा वाच, पेन्सिल हातात धरून. नवऱ्याला किंवा सासूबाईंना एक तास मागून घे, अभ्यास आहे म्हणून सांग, ते कारण पुरेसं आहे. तो प्रसंग एकदाच पूर्ण वाच, मग परत परत वाचायची गरज नाही. कोण बघतंय, कोण बोलतंय आणि सेथचं नाव किती वेळा येतं एवढ्या नोंदी काढून पान उलट. रडू आलं तर येऊ दे.

आणि पहिलं प्रकरण सेथपासून सुरूच करू नकोस. बेबी सग्जपासून कर. तिला आठ मुलं झाली आणि बहुतेक सगळी विकली गेली किंवा हिरावली गेली. विक्रीच्या कागदावर तिचं नाव जेनी होतं, ते तिचं नव्हतं. शेवटचा मुलगा हॅली, म्हणजे सेथचा नवरा, त्याने वर्षानुवर्षं रविवारी राबून आईची सुटका विकत घेतली. ती एकदा सेथला सांगते की पहिल्या लेकीचं मला आता एवढंच आठवतं, तिला पावाचा करपलेला तळ फार आवडायचा. ना चेहरा, ना आवाज. तेवढ्या एका करपलेल्या पापुद्र्यावर आधी एक पान लिही. लिहून झालं की मला पाठव, मी वाचते.